भाड्याच्या उत्पन्नासाठी पहिली गुंतवणूक: जळगावचा फ्लॅट की धुळ्याचा वरचा मजला?

आपण पारोळ्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहात, हाताशी १२ लाख रुपये आहेत, आणि जळगावच्या रिंग रोड परिसरातला २८ लाखांचा जुना टू-बीएचके फ्लॅट २० लाखांचे कर्ज काढून घ्यावा व भाड्याने द्यावा, असा आपला विचार आहे. वडिलांच्या नावे धुळ्यात देवपूर भागात तळमजल्याचे घर आहे, पण ते ‘गुंतवणुकीत धरलेले नाही’, असेही आपण लिहिले आहे. हा व्यवहार परवडेल का, कोणते कागद पाहावेत, भाडेकरू घर बळकावणार नाही ना, आणि कर किती पडेल, हे आपले प्रश्न आहेत. खानदेशात घरे भाड्याने लावून देणे, करार करून देणे आणि बाहेरगावच्या मालकांची घरे सांभाळणे हे काम मी अनेक वर्षे करत असल्यामुळे माझे मत प्रथमच स्पष्ट सांगतो. आपण घर आधी निवडले आहे आणि त्यात कोण राहणार हा विचार नंतरसाठी ठेवला आहे. तो क्रम उलटा करावा लागेल, आणि तो उलटा केला की देवपूरचे घर, जे आपण हिशेबाबाहेर ठेवले आहे, तेच सर्वांत आधी हिशेबात येते.

प्रथम फ्लॅटचे आकडे मांडू. २८ लाखांच्या खरेदीवर महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क साधारण ६ टक्के म्हणजे १ लाख ६८ हजार रुपये होते, नोंदणी शुल्क १ टक्का म्हणजे २८ हजार (त्याची कमाल मर्यादा ३० हजार आहे), आणि दलाली १ टक्का धरली तर आणखी २८ हजार. वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी व बोजाच्या जुन्या नोंदींचा शोध), कर्जाची प्रक्रिया, रंग, पंखे, मोटार, नळांची दुरुस्ती यांसाठी ७५ हजार धरले, तर घर प्रत्यक्षात ३१ लाखांना पडते. भाडे दरमहा ९ हजार येईल असे समजू आणि वर्षातला एक महिना घर रिकामे राहील असे गृहीत धरू, म्हणजे वर्षाचे ९९ हजार रुपये हाती येतील. त्यातून मालमत्ता कर ६ हजार, इमारतीचा मेंटेनन्स दरमहा ७०० प्रमाणे ८,४०० आणि किरकोळ दुरुस्ती ९ हजार वजा केली, की उरतात ७५,६०० रुपये. ३१ लाखांवर हा परतावा अडीच टक्क्यांच्याही आत आहे. २० लाखांचे कर्ज ८.५ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १७,३५० रुपये येतो, म्हणजे वर्षाला २ लाख ८ हजार. भाड्यातून उरलेली रक्कम त्यात घातल्यावरही दरमहा सुमारे ११ हजार रुपये आपल्या पगारातूनच जातील, आणि १२ लाखांपैकी ११ लाख घरात अडकल्यामुळे घरातल्या आजारपणासाठी किंवा भाडेकरू नसलेल्या लागोपाठच्या तीन महिन्यांसाठी हाताशी लाखभर रुपयेच उरतील.

हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपण पाहिलेल्या इमारतीतले खरे भाडे, खरा मेंटेनन्स आणि खरी कराची पावती घालून हाच हिशेब पुन्हा मांडावा. भाडे दलालाला विचारू नये. त्याच इमारतीत राहणाऱ्या दोन भाडेकरूंना विचारावे, कारण विक्री करणारा दलाल ‘बारा हजार सहज येतील’ असे म्हणतो आणि खरेदीनंतर तोच दलाल भाडेकरू आणताना ‘साडेआठच्या वर कोणी बसत नाही’ असे सांगतो. यावर ‘भाडे कमी असले तरी किंमत वाढेल’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. प्लॉटच्या बाबतीत त्यात काही तथ्य असते, कारण जमीन जुनी होत नाही. फ्लॅटची इमारत मात्र जुनी होत जाते, आणि शहराभोवती नवे ले-आउट पडत असताना, लिफ्ट व पार्किंग नसलेल्या वीस वर्षांच्या इमारतीतल्या फ्लॅटला गिऱ्हाईक शोधावे लागते. शिवाय विकताना नफ्यावर कर आहेच. दर वाढण्याच्या आशेवर घ्यायचे असेल तर जरूर घ्यावे, पण मग त्याला भाड्याच्या उत्पन्नाची गुंतवणूक म्हणू नये.

आता राहणाऱ्याचा विचार. आपल्या भागातली भाड्याची मागणी मोठ्या शहरांसारखी सर्वदूर पसरलेली नसते; ती ठरावीक संस्थांच्या भोवती असते आणि प्रत्येक ठिकाणचा राहणारा वेगळा असतो. जळगावला एमआयडीसीतले कामगार व सुपरवायझर, दवाखान्यांतला कर्मचारीवर्ग, बँकांतले बदलीवाले अधिकारी आणि बांभोरीकडे विद्यापीठ व अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे विद्यार्थी. भुसावळला रेल्वे, आयुधनिर्माणी आणि दीपनगरचे वीज केंद्र आहे, परंतु तिथल्या कायम नोकरांपैकी बऱ्याच जणांना क्वार्टर मिळते, त्यामुळे भाड्याने घर शोधणारा बहुधा कंत्राटी कामगार किंवा क्वार्टरच्या प्रतीक्षेतला माणूस असतो. शिरपूरला शिक्षणसंस्थांमुळे विद्यार्थी व प्राध्यापक, धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, देवपूरमधली महाविद्यालये आणि जिल्ह्याची कार्यालये. सरकारी व बँक कर्मचाऱ्यांच्या बदल्या उन्हाळ्यात होतात, महाविद्यालयांचे प्रवेश जून ते ऑगस्टमध्ये होतात. म्हणून घर त्या सुमारास तयार नसेल आणि दिवाळीत रंगवून तयार झाले, तर चांगला भाडेकरू मिळायला पुढच्या मे-जूनची वाट पाहावी लागण्याची शक्यता असते. फ्लॅटचा ताबा कधी मिळणार, हा प्रश्न म्हणूनच दराइतकाच महत्त्वाचा आहे.

कुटुंबवाला भाडेकरू घर पाहायला येतो तेव्हा तो पाणी, ऊन आणि शाळेचे अंतर पाहतो. आपणही तेच पाहावे. नळाला पाणी किती दिवसांआड येते, जमिनीतली टाकी किती लिटरची आहे, बोअरला मे महिन्यात पाणी असते का, टँकर मागवावा लागला तर त्याचा खर्च कोण देतो, हे वॉचमनला आणि तळमजल्यावरच्या बाईंना विचारल्यास विकणाऱ्यापेक्षा खरे उत्तर मिळते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर जातो; शेवटच्या मजल्यावरच्या, पश्चिमेकडे उघड्या भिंतीच्या फ्लॅटमध्ये रात्री अकरा वाजताही स्लॅबमधून उष्णता येत असते. असा फ्लॅट स्वस्त मिळतो, पण त्यातले कुटुंब पहिल्याच उन्हाळ्यात दुसरे घर शोधू लागते. घर पाहायला जायचे असेल तर मे महिन्यात दुपारी चार वाजता जावे, आणि शक्य झाल्यास पावसाळ्यात पुन्हा एकदा जाऊन गच्चीखालच्या छताचे कोपरे पाहावेत.

तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत पुष्कळ ठिकाणी खोल काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, आणि पाया कठीण थरापर्यंत गेलेला नसेल तर भिंतींना तिरक्या भेगा पडतात. खिडकीच्या कोपऱ्यातून वर चढत जाणारी भेग आणि जोत्याजवळ जमिनीपासून सुटलेली फरशी ही त्याची खूण असते. नवा रंग दिलेल्या जुन्या घरात दारे-खिडक्या नीट लागतात का ते प्रत्येक खोलीत लावून पाहावे. रंगाने भेग झाकली जाते, पण वाकडी झालेली चौकट झाकता येत नाही.

आता देवपूरच्या घराकडे येऊ. आपल्या सांगण्याप्रमाणे तळमजला पक्का बांधलेला आहे, वर मोकळी गच्ची आहे आणि घरापासून महाविद्यालये चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. तिथे वरच्या मजल्यावर चार स्वतंत्र खोल्या, प्रत्येकीला छोटे स्वयंपाकघर व संडास-न्हाणीघर, आणि बाहेरून वेगळा जिना, असे साधारण हजार चौरस फुटांचे बांधकाम केले, १,८०० रुपये फूट दर धरला आणि जिना, पाण्याची टाकी, वीजजोडण्या यांसाठी २ लाख धरले, तर खर्च २० लाखांच्या आसपास जातो. एका खोलीचे भाडे ४ हजार धरले आणि सुट्यांमुळे वर्षातले साडेदहा महिनेच भाडे मिळेल असे मानले, तर १ लाख ६८ हजार रुपये येतात. ३० हजार खर्च वजा जाता १ लाख ३८ हजार, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर ७ टक्क्यांच्या जवळपास. यात जमिनीची किंमत धरलेली नाही, हे मान्य. पण ती जमीन आपण विकणार नाही, आणि आजही तिच्यावर काही उत्पन्न येत नाही. कर्जही २० लाखांऐवजी ९-१० लाखच लागेल, आणि एक खोली रिकामी पडली तरी उरलेल्या तीन चालू राहतील. फ्लॅट रिकामा पडला की सारेच उत्पन्न थांबते.

परंतु हे करण्यापूर्वी तीन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तळमजल्याचे कॉलम, बीम आणि पाया वरचा मजला पेलतील का, याची लेखी खात्री करून घ्यावी. गच्चीवर सळया मोकळ्या सोडलेल्या असणे हा काही पुरावा नव्हे. त्या काळी गवंड्याने ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून ठेवलेल्या आणि आता गंजलेल्या सळयांवर मजला उभा करण्याचा आग्रह पुष्कळ लोक धरतात, तो धरू नये. घर नुसते विटांच्या भिंतींवर उभे असेल तर हा सगळा विचार तिथेच थांबतो. दुसरी, महापालिकेची बांधकाम परवानगी. राज्यात २०२० साली लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे आपल्या प्लॉटवर किती बांधकाम बसते, समास (इमारतीभोवतीची मोकळी जागा) किती सोडावे लागतात, हे नोंदणीकृत वास्तुविशारद सांगेल. परवानगीविना बांधलेल्या मजल्यावर शास्ती लागते, बँक कर्ज देत नाही आणि पुढे विकताना तोच मजला भाव पाडतो.

तिसरी गोष्ट घरातली आहे आणि ती लोक बोलायला टाळतात. घर वडिलांच्या नावे आहे आणि पैसा आपला जाणार आहे. वडिलांची ती स्वकष्टार्जित मिळकत असेल, तर ते मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्र करून वरचा मजला कोणाचा हे ठरवू शकतात. वडिलोपार्जित असेल, तर २००५ च्या दुरुस्तीनंतर बहिणींचाही मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि बहिणीने आखाजीला माहेरी आल्यावर ‘मला काही नको’ म्हटले म्हणजे तो हक्क सुटत नाही. त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. भाऊ-बहिणींना बसवून, कोणाचा पैसा किती लागला आणि भाडे कोणाला जाईल, हे लिहून ठेवावे. आज जे बोलणे अवघड वाटते, ते मजला उभा राहिल्यावर आणि भाडे सुरू झाल्यावर फार अवघड होते.

तरीही फ्लॅटच घ्यायचा असे ठरले, तर कागदांबाबत कुठेही घाई करू नये. मूळ जमीन बिनशेती झाल्याचा आदेश, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका किंवा सातबारा, आणि विकणाऱ्यापर्यंतच्या सर्व खरेदीखतांची साखळी, हे सगळे वकिलाकडून तपासून गेल्या ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात कोणाचा बोजा आहे ते स्वतः वाचावे. आपल्याकडे बँकेइतकेच पतसंस्थांचे बोजे आढळतात, कर्ज फिटलेले असते पण बोजा कमी केलेला नसतो, आणि संस्थाच अवसायनात गेलेली असेल तर दाखला मिळवताना खरेदीदाराची दमछाक होते. बोजा कमी झाल्याचा फेरफार हातात आल्याशिवाय इसाराची मोठी रक्कम देऊ नये. शहराच्या कडेला स्वस्त मिळणारे अनेक प्लॉट आणि रो-हाउस गुंठेवारीतले, म्हणजे परवानगीविना गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचे, असतात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखालील नियमितीकरणाची मर्यादा आता ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या विकासांना लागू आहे, पण ‘नियमित होऊ शकते’ आणि ‘नियमित झाले आहे’ यांत फरक आहे. नियमितीकरणाचे प्रमाणपत्र दिसेपर्यंत ते झालेले नाही असेच समजावे. भोगवटादार वर्ग २ च्या, म्हणजे सरकारने अटींवर दिलेल्या, जमिनीला हस्तांतरणाची परवानगी लागते. नंदुरबार जिल्ह्यात आणि धुळे जिल्ह्याच्या पश्चिम भागात घेणाऱ्यांनी जमीन मूळची आदिवासी खातेदाराची होती का, हे अवश्य पाहावे, कारण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार पूर्वपरवानगीशिवाय झालेले असे हस्तांतरण टिकत नाही, आणि त्यावर नंतर तीन खरेदीखते झाली तरी मूळ दोष नाहीसा होत नाही.

कुलमुखत्यारपत्र आणि साठेखतावर (पुढे विक्री करण्याच्या करारावर) ‘ताबा’ देण्याचा प्रकार अजून चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे की अशा कागदांनी मालकी मिळत नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. किमतीचा काही भाग रोख मागितला जाईल. स्थावराच्या व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, आणि रेडीरेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) मूल्यापेक्षा फार कमी किमतीचे खरेदीखत केले तर फरकाची रक्कम खरेदीदाराच्या, म्हणजे आपल्या, उत्पन्नात धरली जाते. नवीन प्रकल्पात घेत असाल तर महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक पाहावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या आणि आठहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाला ही नोंदणी सक्तीची आहे. बांधकाम सुरू असलेल्या सदनिकेवर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या सदनिकेवर लागत नाही. आणि आपण जिल्हा परिषदेच्या सेवेत असल्यामुळे स्थावर खरेदीची माहिती विहित नमुन्यात खात्याला द्यायला विसरू नये.

भाडेकरू घर बळकावेल ही भीती मला प्रत्येक नवा मालक बोलून दाखवतो, आणि ‘बारा वर्षे राहिला की घर त्याचे’ हे वाक्य त्यामागे असते. बारा वर्षांचा नियम प्रतिकूल कब्जाचा, म्हणजे मालकाच्या परवानगीविना उघडपणे धरलेल्या ताब्याचा, आहे. मालकाच्या परवानगीने, भाडे देऊन राहणाऱ्याचा ताबा प्रतिकूल नसतो, त्यामुळे तो कितीही वर्षे राहिला तरी केवळ त्या कारणाने मालक होत नाही. खरी अडचण वेगळी आहे: करार नसेल किंवा नोंदवलेला नसेल, तर त्याला बाहेर काढताना मालकाचीच बाजू लंगडी पडते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि तो नसल्यास कोणत्या अटींवर घर दिले याबद्दल भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. न नोंदवल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा त्याच कलमात आहेत. ‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हा समज नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या मर्यादेवरून आला आहे. आपल्या राज्यात लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणाऱ्या, कराराला तो लागू पडत नाही. नोटरीकडून शिक्का मारून आणलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे, हे मी रोज कोणाला तरी सांगत असतो.

नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराचा फायदा कलम २४ मध्ये आहे. राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपली आणि राहणारा निघाला नाही, तर दिवाणी दाव्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. हा मार्ग निवासासाठी आहे. दुकानाच्या गाळ्याला तो उपलब्ध नाही, आणि पहिली गुंतवणूक म्हणून गाळा घेऊ नये असे मी म्हणतो त्याचे हे एक कारण आहे. दुसरे असे की गाळा रिकामा झाला तर वर्षभरही तसाच राहू शकतो. नगरपालिका किंवा महापालिकेच्या व्यापारी संकुलातला गाळा ‘विकत’ मिळतो असे सांगितले गेले, तर तिथे मालकी संस्थेचीच असते आणि आपण घेतो तो मुदतीचा भाडेपट्टा असतो, हे लक्षात ठेवावे.

कराराचा खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क हे मुदतीतील एकूण भाडे आणि परत करायच्या अनामतीवरचे वार्षिक १० टक्के दराचे व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के असते, आणि नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० तर ग्रामीण भागात ५०० रुपये. आधारवर आधारित ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. करारात एका महिन्याची नोटीस, दरवर्षीची भाडेवाढ, किमान किती महिने राहायचे, रंगकामाची कपात, वीज मीटरचे त्या दिवसाचे रीडिंग, पंखे-गिझर-नळ यांची यादी, आणि घराचा वापर फक्त राहण्यासाठी, हे सगळे लिहावे. शेवटची अट किरकोळ वाटते, परंतु त्याच खोलीत शिकवणी किंवा पार्लर सुरू झाले तर विजेचा दर आणि मालमत्ता कर दोन्ही व्यावसायिक दराने लागण्याचा संभव असतो आणि नोटीस मालकाच्या नावे येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडू नये. कलम २९ खाली तो गुन्हा आहे, आणि आपली न्याय्य बाजूही त्यामुळे पडते. केंद्र सरकारचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा दाखवून कोणी काही सांगितले, तर तो केवळ नमुना आहे आणि राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, एवढे उत्तर पुरे.

भाडेकरू निवडताना पगाराची पावती, नोकरीच्या ठिकाणची खात्री आणि आधीच्या घरमालकाशी दोन मिनिटांचे बोलणे, यांपेक्षा चांगली चाचणी मला माहीत नाही. आपल्याकडे आडनाव आणि ‘तुमच्याकडे काय काय खाता’ एवढे विचारून घर नाकारणारे मालक बरेच आहेत. तेच मालक पगाराची पावती मात्र मागत नाहीत आणि पुढे थकबाकीची तक्रार घेऊन येतात. विद्यार्थ्यांच्या बाबतीत करारावर पालकाची हमी घ्यावी, दोन महिन्यांची अनामत घ्यावी, आणि प्रत्येक खोलीला स्वतंत्र सबमीटर बसवावा, कारण विजेच्या सामायिक बिलावरून जेवढी भांडणे होतात तेवढी भाड्यावरून होत नाहीत.

कराचा हिशेब थोडक्यात असा. मिळालेल्या भाड्यातून मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा करायचा, उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग प्रत्यक्ष दुरुस्ती झाली असो वा नसो, आणि त्यानंतर कर्जाचे व्याज वजा होते. आपल्या फ्लॅटच्या उदाहरणात ९९ हजारांतून ६ हजार कर आणि ३० टक्के वजा जाता ६५,१०० रुपये उरतात, तर पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे १ लाख ६८ हजार असते. म्हणजे लाखभराचा तोटा दिसतो. जुन्या कर-पद्धतीत असा तोटा २ लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो. नव्या पद्धतीत तो पगारातून वजा होत नाही, त्यामुळे ‘कर वाचतो म्हणून कर्ज काढा’ हा सल्ला आपण कोणती पद्धत निवडली आहे ते पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. पत्नीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, पण पैसा आपला असेल तर भाडे साधारणपणे आपल्याच उत्पन्नात धरले जाते. देवपूरच्या घराचे भाडे वडिलांच्या उत्पन्नात धरले जाईल, आणि त्यांचे अन्य उत्पन्न कमी असल्यास कर पडणारही नाही. मात्र भाडे त्यांच्याच बँक खात्यात जमा व्हावे. मुलाने वडिलांना बांधकामासाठी दिलेल्या रकमेवर कर लागत नाही, ती बँकेतून दिली म्हणजे झाले.

आपण पारोळ्याला राहणार आणि घर धुळ्यात किंवा जळगावला, तेव्हा देखभाल कोण करणार हेही ठरवावे लागेल. नातेवाइकाकडे चावी ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, पण गळका नळ, बंद पडलेली मोटार आणि रात्री दहाला आलेला फोन हे काम कोणी फुकट फार दिवस करत नाही. चार खोल्यांसाठी महिन्याला ठरावीक रक्कम देऊन जवळच राहणारा माणूस नेमावा आणि ती रक्कम वर मांडलेल्या खर्चातच धरावी. त्याने भाडे रोख गोळा करू नये, ते थेट खात्यात यावे. करारावर मालक म्हणून वडिलांचीच सही लागेल. त्यांना प्रत्येक वेळी धुळ्याला जाणे शक्य नसेल, तर त्यांनी आपल्या नावे फक्त भाडेकरार करणे, भाडे वसूल करणे आणि त्यासंबंधीचे अर्ज करणे एवढ्याच अधिकारांचे नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र करून द्यावे. विक्रीचा किंवा गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात लिहू नये, कारण त्याची इथे गरज नाही आणि भाऊ-बहिणींच्या मनात शंका मात्र येते.

सध्या फ्लॅटचा इसार देऊ नये. आधी देवपूरच्या घराचा स्ट्रक्चरल अहवाल आणि मिळकत पत्रिकेचा उतारा काढावा. अहवाल प्रतिकूल आला, तर फ्लॅटच्या इमारतीतल्या खऱ्या भाड्याच्या आकड्यांसह मला पुन्हा लिहावे.